गोणपाट तसंच राहील

या, अशा जवळ सरका. दारातल्या खुर्चीत नको, इथे चटईवर बसा. मला मोठ्यानं बोलायला लावू नका, दम लागतो. आणि बसलाच आहात तर आधी दोन शब्द ऐकून घ्या, रागावू नका. आमची तारा गेली तेव्हा तुम्ही पत्रं पाठवलीत, कुणी येऊन गेलात, एकदोघांनी तर कुठेकुठे छापूनही आणलंत. तुमची माया मला कळते. पण त्या सगळ्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा आला... खेळणी. 'ताराबाई लहान मुलांसाठी सुंदर खेळणी बनवत असत.' अहो, कुठल्या लहान मुलांसाठी? इतक्या वर्षांत एका पोराला तिनं त्या गाड्यांना बोट लावू दिलं नाही. मोठ्या माणसांनासुद्धा आधी हात धुवायला लावायची. शिकलेसवरलेले तुम्ही, गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना निदान घरी येऊन विचारायचं तरी! आता तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मलाच वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायला बसावं लागलं. माझी शाळा चौथीपर्यंतची. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या, पण खेळणी म्हणू नका.

ती गेली तेव्हा मी घरी नव्हते, हे आधी सांगते. भात झोडायला म्हणून माहेरी, भाज्याला गेले होते. खळ्यावर उभी होते, अंगभर भुसा, आणि मळवलीकडून रेल्वेतले एक ओळखीचे भाऊ रुळाच्या कडेनं झपझप चालत येताना दिसले. आमच्याकडे रेल्वेची माणसं एवढ्या घाईनं चालली की काहीतरी वाईट झालेलंच असतं. लांबूनच म्हणाले, "आक्का, लोनावळ्यास्नं निरोप हाय. तुमच्या गाडीवाल्या बाई..." आणि खळ्याच्या कडेला खाली बसले. दुपारी दुकानात बसल्याबसल्या तिनं चहा मागितला होता, आणि चहा येईपर्यंत ती गेली. एवढंच. आजारी नाही, काही नाही. त्याला आता सात आठवडे झाले, आणि त्यातले चार आठवडे आमच्या घरात एकाच गोष्टीवरून धुसफूस चालली होती, की तिनं केलेल्या एकोणीस गाड्यांचं काय करायचं. द्यायच्या का, आणि द्यायच्या तर कशा द्यायच्या. ती धुसफूस कशी मिटली तेच सांगायचंय. पण त्यासाठी तारा कोण होती ते आधी कळायला हवं.

नात्यानं ती माझी नणंद. वर्षभर मी वन्सं वन्सं करत होते, मग एक दिवस भांडी घासता घासता तीच म्हणाली, "वैनी, मला तारा म्हना. वन्सं म्हनलं की मला माजी सासूच आटवती." सासरहून ती एकोणिसाव्या वर्षी परत आली होती, अंगावरच्या लुगड्यानिशी. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आमचं दुकान म्हणजे खंडाळ्याचा घाट चढून वर आलं की लोणावळ्याकडे वळताना डाव्या हाताला. पंक्चर, हवा, किरकोळ दुरुस्ती, आणि पाणी. पाण्याचंच काम जास्त. मुंबईहून निघालेली गाडी घाट चढून वर येईपर्यंत तापून लाल व्हायची, रेडिएटरमधून नुसती वाफ. मग बॉनेट उघडायचं, ओलं गोणपाट घालून झाकण सोडायचं, जरा वेळ थांबायचं आणि मग पाणी ओतायचं. ह्यांचे हात दुरुस्तीत अडकलेले, म्हणून पाणी घालायचं काम ताराकडे आलं. ह्यांना वाटलं, बहीण चार दिवस करील, मग घरात बसेल. ती काही घरात बसली नाही.

गाडी गार व्हायला अर्धा तास लागायचा. गाडीतली माणसं तेवढ्यात पाय मोकळे करायची, चिक्की खायची, दरीकडे बघायची. तारा मात्र उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहायची. आमच्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या ओरडायच्या, "अगं, तोंड भाजंल! आदीच कोन बघत न्हाई तुज्याकडं!" तारा आतूनच उत्तर द्यायची, "मीच कुटं कुनाकडं बघती? मी गाडीकडं बघती."

पहिली गाडी तिनं केली ती पांगाऱ्याच्या लाकडाची. पांगारा हलका, मऊ, विळीनंही कापता येतो. साधी काळी मोटार होती, मुंबईच्या कुठल्या डॉक्टरांची. मला वाटलं, हातचाळा आहे. पण तिचं माप घेणं बघितलं आणि हा हातचाळा नव्हे हे कळलं. तिला शाळेचा गंध नव्हता, पट्टी वाचता यायची नाही. ती दोरा घ्यायची. गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत दोरा ताणायचा, तोडायचा. मग तो दुमडायचा... एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. चार घड्या पडल्यावर हातात जेवढी लांबी उरेल तेवढं लाकूड. चाकाचा दोरा वेगळा, दाराचा वेगळा, दिव्याचा तर जेमतेम वीतभर. प्रत्येक दोऱ्याला निराळ्या रंगाची चिंधी बांधलेली, आणि एका गाडीचे सगळे दोरे एका पुरचुंडीत. तिला विचारलं की ही गाडी केवढी, तर ती म्हणायची, "चार घड्याची." सगळ्याच गाड्या चार घड्यांच्या. म्हणून तिच्या फळीवर मोठी गाडी मोठीच दिसायची आणि लहान लहानच, जशा रस्त्यावर दिसतात तशा.

सामान म्हणाल तर घरातलंच. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा मडगार्डला. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे टायर. दिव्यांना पोलक्याची पांढरी बटणं, पुढे खऱ्या बॅटरीचे बल्ब मिळाले. समोरची काच कशाची असेल सांगा बरं? एक्स-रेची! दवाखान्यात टाकून दिलेल्या काळ्या फिल्मी ती मागून आणायची, सोड्याच्या गरम पाण्यात घासायची, की काळं निघून जायचं आणि लख्ख काच उरायची. एका गाडीच्या काचेत एक कोपरा नीट निघालाच नाही, अजूनही उजेडात धरलं तर कुणाची तरी अर्धी बरगडी दिसते. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे. गाडीत मानूस बसल्यालं बरं." पावसाळ्यात मात्र पांगारा फुगायचा, बुरशी धरायचा. मग मी भाज्याहून भाताचं तूस पोत्यानं आणायची, आणि आषाढ लागला की सगळ्या गाड्या कणगीत, तुसात पुरून ठेवायच्या. दसऱ्याला बाहेर काढायच्या, फुंकर मारून साफ करायच्या. आत्याबाई म्हणायच्या, "लोकांच्या कनगीत भात असतुया, आमच्या कनगीत मोटारी!" पण त्याच म्हाताऱ्या बाईनं नंतर त्या कणगीला उंदीर लागू नये म्हणून मांजर पाळलं, हेही सांगितलं पाहिजे.

आता शर्यतीच्या गाड्या. त्या काळी मुंबईतली हौशी माणसं जुन्या मोटारी घ्यायची, त्यांचे टप उडवायची, मडगार्ड कापायची, आत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायची. हॉट रॉड म्हणायची त्यांना. वर्षातून एकदोनदा ही मंडळी पुण्याच्या बाजूला शर्यतीला निघायची आणि आमच्या दुकानाशी थांबायची. पहिल्यांदा तीन गाड्या एकदम आल्या, तो आवाज! आत्याबाई देवघरातून बाहेर धावल्या, त्यांना वाटलं डोंगर आला खाली. लाल, निळी आणि एक बिनरंगाची, नुसता पत्रा. चाकं उघडी, बसायला एकच जागा, बॉनेटवर आडवा चामड्याचा पट्टा. आणि तिन्ही गाड्यांचं बॉनेट अर्धवट उघडं, आणि पट्ट्याखाली दाबून बसवलेलं, बेतानं कापून कडा शिवलेलं ओलं गोणपाट. घाट चढायचा म्हणून त्यांनी ते खोपोलीलाच बांधलेलं असायचं. आमच्याकडे बाकीच्या गाड्यांवर गोणपाट आम्ही घालायचो. ह्या गाड्या आपापलं घेऊन यायच्या.

तारा दोरा घेऊन धावली. लाल गाडीचा माणूस, डोळ्यांवर चष्मा, तोंड धुळीनं माखलेलं, तो हसायला लागला. म्हणाला, "काय बाई, माप कशाला घेता? गाडीला सदरा शिवणार का?"

"मंग काय! उगडीच फिरती बिचारी," तारा म्हणाली, दोरा ताणता ताणता. "वर टप न्हाई, खाली मडगार न्हाई. तुमच्या घरात कुनाला लाज न्हाई?"

तो पोट धरून हसला. "मग बाही जरा सैल ठेवा हो, गाडी जोरात पळते!"

"पळती म्हनं! मगाधरनं हितं उबी हाय, पानी पिती."

त्या लाल गाडीवर तिनं सात महिने काढले. पांगारा नाही, शिवणीच्या झाडाचं लाकूड घेतलं. आणि ती गाडी जेव्हा झाली... मी चहा घेऊन गेले होते, कप तसाच हातात राहिला. चामड्याचा पट्टा होता, त्याला बक्कल होतं, पट्ट्याला भोकं होती. आणि अर्धवट उघडलेल्या बॉनेटवर, पट्ट्याखाली, कडा शिवलेलं नखाएवढं गोणपाट. ते ओलं दिसावं म्हणून तिनं त्याला जवसाचं तेल पाजलं होतं.

आता जे सांगणार आहे त्याला तुम्ही हसाल, हसा. ताराला खरोखरच वाटत होतं की शर्यतीच्या गाडीला गोणपाट असतंच. का वाटू नये? तिनं आयुष्यात जेवढ्या शर्यतीच्या गाड्या पाहिल्या त्या सगळ्यांना होतं. आमच्या मावळात बैलगाडीत गोणपाट नाही असं कधी पाहिलंत? बसायला तेच, पावसात डोक्यावर तेच, बैल पुसायला तेच. ते गाडीचं की माणसाचं, असा प्रश्न कुणाला पडत नाही. तसंच हे. साध्या मोटारीला नसतं, शर्यतीच्या मोटारीला असतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि खरं सांगू? मीही तेच समजत होते.

पुण्याला हस्तकलेचं एक प्रदर्शन भरायचं. आमच्या शेजारच्या शाळामास्तरांनी फार्म भरून दिला. लाल गाडी जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन आम्ही दोघी रेल्वेनं गेलो. परीक्षक म्हणून जे साहेब होते ते वाईट नव्हते, हे मी आधीच सांगते. त्यांनी गाडी उलटीसुलटी करून पाहिली, खिशातून पट्टी काढली, इथे लावली, तिथे लावली, कागदावर आकडे मांडले आणि म्हणाले, "बाई, हे प्रमाण कुठून काढलंत? सगळीकडे सोळास एक बरोबर येतंय!"

"सोळा न्हाई जी. चार घड्या," तारा म्हणाली.

साहेब खूश झाले. आणि मग म्हणाले, "फक्त एक करा. हे वरचं फडकं काढून टाका, बॉनेट मिटवा. मग ही पहिल्या टेबलावर ठेवू."

"फडकं न्हाई त्ये. गोनपाट हाय."

"तेच हो. खऱ्या गाडीला नसतं ते." आणि त्यांनी एक विलायती मासिक आणून उघडलं. त्यात तशीच गाडी, अगदी तशीच, आरशासारखी चकचकीत, बॉनेट बंद. तारानं ते चित्र कितीतरी वेळ पाहिलं. मग तिनं साहेबांकडे बघून खरोखरच्या काळजीनं विचारलं, "मंग हिचं गोनपाट कुटं गेलं?"

सगळा हॉल हसला. साहेब हसले, फार्म लिहिणारा कारकून हसला, शेजारच्या टेबलावर भरतकाम मांडून बसलेल्या बाया हसल्या. मला कळेना कुठे बघावं. ताराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तिनं गोणपाट काढलं नाही. लाल गाडी मागच्या टेबलावर गेली, चिंध्यांच्या बाहुल्या आणि लाकडी बैलांच्या मधे. वर पाटी... तोच शब्द, जो मी वर तुम्हाला लिहू नका म्हटलं. आता कळलं ना का?

येताना रेल्वेत तिनं लाल गाडी मांडीवरून खाली ठेवली नाही. कामशेत गेलं, मळवली गेलं. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "साह्यब बरोबर बोलला की. मी तवाच म्हनत होतो. पानी घालून कुनी मिस्तरी हुतो का? वरनं रंग लावल्यालं लाकूड हाय त्ये. आत काय हाय हिला काय कळतंय?" तारानं ऐकलं. वाईट वाटून घेणारी नव्हती, पण ऐकलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत गेले तर ती लाल गाडी पुढ्यात घेऊन बसलेली, हातात चिमटा. गोणपाट काढून बाजूला ठेवलेलं, बॉनेट मिटवलेलं. गाडी सुंदर दिसत होती. मासिकातल्यासारखी. मी म्हटलं, "बरी दिसते की गं."

ती डोकं तिरकं करून बघत होती. म्हणाली, "व्हय. बरी दिसती. पर वैनी, ही गाडी अजून कुटं गेलीच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी ही दुकानातनं आत्ताच भाईर काडल्याली हाय. हिनं घाट बघितला न्हाई. मी जी बघितली, ती खोपोलीपास्नं चडून आल्ती, दमल्याली, वाफा टाकत. मी हिचं माप कुटं घेतलं? मी तिचं घेतलं." आणि तिनं चिमट्यानं गोणपाट उचललं, परत पट्ट्याखाली सारलं, आणि ह्या खेपेला सरसानं चिकटवून टाकलं. "चुकलं आसंल माजं," म्हणाली. "पर आता चुकून न्हाई, जानून लावती."

त्यानंतर केलेल्या प्रत्येक शर्यतीच्या गाडीवर तिनं गोणपाट लावलं. आणि पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. मी म्हणत होते, कशाला अपमान करून घ्यायला जायचं? तर म्हणाली, "अपमान कुनाचा? गाडीचा तर न्हाई." साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं, तिनं पुन्हा तेच. मागचं टेबल तिनं ह्या वेळी नाकारलं. लाल गाडी आणि नवी निळी गाडी मांडीवर घेऊन ती हॉलच्या बाहेर पायरीवर बसली, दोन दिवस! शेजारी मी, डब्यात चटणी-भाकरी. येणारेजाणारे वाकून बघायचे. आणि दुसऱ्या दिवशी समोर मालमोटारींचा अड्डा होता तिथले चारपाच ड्रायव्हर आले. त्यातला एक मिशावाला, त्यानं गाडी पाहिली मात्र, कपाळावर हात मारून ओरडला, "आयला! ही तर घाट चडून आलीया!" दुसरा म्हणाला, "खंडाळ्याच्या वळनावर मी पन आसाच हुबा ऱ्हातो की!" मग त्यांनी आणखी दहाजणांना हाका मारून आणलं. आत किती गर्दी होती मला माहीत नाही. पायरीवर उभं राहायला जागा नव्हती. बक्षीस मिळालं नाही. कधीच मिळालं नाही. साहेबांनीही त्यांचं म्हणणं सोडलं नाही, पण दर वर्षी बाहेर येऊन पट्टी लावून जायचे, आणि तारा म्हणायची, "बगा बगा, चारच घड्या हायेत."

तर ही तारा. आता ह्या चार आठवड्यांचं. ती गेल्यावर तीन आठवड्यांनी एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांनी जुन्या मोटारींचं मोठं दालन केलंय म्हणे, त्यात काचेच्या कपाटात एकोणीसच्या एकोणीस गाड्या ठेवायच्या आहेत. खाली ताराचं नाव, पितळी पाटीवर. किती चांगलं, नाही? मीही वाचता वाचता रडले. मग शेवटची ओळ... 'पाहणाऱ्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून बॉनेटे मिटवून, वरील गोणपाटे काढून, आवश्यक तिथे नवा रंग द्यावा लागेल.' माझं रडू तिथेच आटलं.

हे म्हणाले, "जाऊ दे की. नाव तरी हुईल तिचं. हितं ठिवून काय, बुरशीच लागायची."

मी म्हटलं, "तिनं दोन दिवस पायरीवर बसून जे काढलं नाही, ते तुम्ही घरात बसून काढणार?"

"ती हट्टी हुती."

"मग मीही आहे. इतकी वर्षं तुमच्यापाशी काढली, कळलं नाही का?"

असं रोज. जेवताना, दुकान उघडताना, झोपाळ्यावर. मी माझं सोडेना, हे ह्यांचं. ह्यांचाही दोष नाही हो. बहिणीचं नाव पितळेवर लिहिलेलं बघायची कुणाला इच्छा नसते? आणि मनातून ह्यांना अजूनही वाटत होतं की साहेब म्हणाले तेच खरं, तारानं बाहेरून पाहिलं तेवढंच केलं. शेवटी ह्यांनी मला न विचारता होकार कळवला. गेल्या गुरुवारी त्या गृहस्थांची दोन माणसं खोकी आणि कागदाचे बोळे घेऊन दारात आली. मी पदर खोचून घरातल्या ताराच्या फळीपुढे उभी राहिले. माणसं बिचारी घाबरली. हे म्हणाले, "सर बाजूला. तोडफोड नको व्हायला. मीच हातानं सोडवतो." आणि लाल गाडी काढून खाली बसले, चष्मा लावला, चिमटा घेतला. सरस जुना झालेला, गोणपाट सुटायला वेळ लागला नाही.

आणि ते उचललेलं गोणपाट चिमट्यात तसंच राहिलं... मला वाटलं, काही तुटलं. मी वाकून पाहिलं.

खाली सगळं इंजिन होतं. बॉनेट मिटवलं की दिसत नाही, उघडलं की वर गोणपाट. म्हणजे तिनं ते अशा जागी केलं होतं की कुणालाच कधी दिसू नये. रेडिएटरचं झाकण सुटून साखळीला लोंबत होतं, आणि ती साखळी केसाएवढ्या तारेची, कडीत कडी. पंख्याचा पट्टा होता. चार प्लग होते, मोहरीएवढे, आणि मधल्या डबीतून चार वायरी त्या चार प्लगांकडे गेल्या होत्या. ह्यांनी भिंगानं बघायला सुरुवात केली. बोट धरून पुटपुटत होते, "एक... तीन... चार... दोन." पुन्हा पहिल्यापासून. "एक, तीन, चार, दोन." मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, त्या वायरी कशाही लावून चालत नाही, ठरलेला क्रम असतो, एक चुकली तर इंजिन नुसतं धडपडतं, उचल घेत नाही. कितीक शिकाऊ मिस्तरींना वर्षभर शिकवून जमत नाही.

"मग हिला तुम्ही शिकवलंत?"

"मी? मी तिला पान्यालासुदा हात लावू दिला न्हाई कदी." मग त्यांनी निळी घेतली, बिनरंगाची घेतली. प्रत्येकीचं गोणपाट टोकाकडून जरासं उचलून आत भिंग लावून पाहिलं. निळीला सहा प्लग होते, तिचा क्रम निराळा, तोही बरोबर. खोकीवाली माणसं उभीच. हे त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "ही गाडी सुरू हुईल. पेट्रोल घातलं तर सुरू हुईल ही." आणि मग मान वर करून, माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडे बघून, "खोकी घिऊन जावा. तुमच्या सायबास्नी सांगा, मिस्तरीच्या कामात हात घालायचा नसतो."

ह्यांनी आपल्या बहिणीला मिस्तरी म्हटलं. ती असताना म्हटलं असतं तर... असो. नाही म्हटलं. आता म्हटलं. चार चहा केले मी, दोन त्या माणसांना, रिकाम्या हातानं परत जायचं होतं बिचाऱ्यांना.

दालनवाल्या गृहस्थांनो, तुम्ही हा पुरवणीचा कागद वाचत असाल तर तुम्हाला उघड सांगते. तुमची पितळी पाटी आम्हाला नको. ज्या गाडीनं घाट पाहिला नाही, तिच्याखाली ताराचं नाव आम्ही लावू देणार नाही. आहेत तशा न्यायच्या असतील तर या, बोलू. नाहीतर त्या इथेच राहतील. पावसाळ्यात कणगीतल्या तुसात, आणि दसऱ्यापासून पुढे दुकानातल्या फळीवर. ती फळी ह्यांनी परवाच ठोकली, हत्यारांच्या भिंतीवर, पान्यांच्या आणि जॅकच्या मधोमध. हातोडी काढली त्या जागी. गोणपाटं पुन्हा चिकटवली, पण एकीकडूनच. दुसरी कड मोकळी ठेवलीय. कुणी जाणता माणूस आला की हे स्वतः चिमट्यानं ती कड उचलतात, भिंग हातात देतात आणि बाजूला उभे राहतात. कालच एक टेम्पोवाला बराच वेळ बघत होता. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "भाऊ, हे मिस्तरी आता कुटं आस्त्यात?" ह्यांनी भिंग पुसायला घेतलं. मीच आतून सांगितलं, "हितंच असती ती. तुमी बसा."

तर तुम्हीही या. पत्रं पुरे झाली. मुंबईकडून याल तर उत्तम. पुण्याकडून येणाऱ्यांना घाट लागत नाही, त्यांनी तेवढी तसदी घ्यावी, आमच्या दुकानावरून तसंच पुढे खाली उतरावं आणि चढून वर यावं. गाडी तापली तर तापू दे. दुकानापुढे सावलीला लावा, बॉनेट उघडा आणि थांबा. पाणी आता मी घालते, माझा हात अजून तेवढा शिवशिवतो. अर्धा तास तरी लागेल गार व्हायला, तेवढ्यात एकोणीस गाड्या नीट बघून होतात. हात धुवायला दाराशी बादली आहे. पण लवकर या हो, वर्षभरानं नको. ह्यांच्या डोळ्यांना हल्ली भिंगातूनही कमी दिसतं, आणि वायरींचा तो क्रम तुम्हाला त्यांच्याच बोटानं मोजून दाखवायचाय त्यांना.